दुसरी चूल

मोहाडी तालुक्यातल्या बहुतेक घरांत आता गॅसची शेगडी आहे. तरी डिसेंबरात सकाळी सहा-साडेसहाला भंडारा-तुमसर रस्त्याने निघावे, तर वरठीपासून मोहाडीपर्यंत आणि पुढेही प्रत्येक वस्तीवर धुराचा आडवा थर लोंबकळताना दिसतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर चढत नाही. तिच्यात मिसळलेला धूरही छपरांच्या उंचीवरच थांबतो. हा धूर चहाचा नाही. भाजी-पोळीचाही थोडाच. तो बराचसा आंघोळीच्या पाण्याचा आहे.

ही दुसरी चूल सहसा न्हाणीला लागून असते. कुठे ती सपरीच्या कोपऱ्यात तीन दगडांवर मांडलेली, कुठे सांदवाडीच्या दाराशी, तर पावसाळ्यात ओढून थेट घरात घेतलेली. तिच्यात तुऱ्हाट्या जळतात, पळसाच्या काटक्या जळतात, गोवऱ्या जळतात, आणि पेटता पेटत नसेल तेव्हा प्लास्टिकची पिशवीही. गॅसचा ओटा पाहुण्याला दाखवता येतो. ही चूल कोणी दाखवत नाही. घरातल्या हवेवरची ही पुस्तिका तिच्यापासून सुरू होते, कारण मोहाडीसारख्या गावात घरातली हवा कशी आहे हे ठरवण्यात तिचा वाटा मोठा आहे आणि तिची गणती मात्र कुठेच होत नाही.

गणती होत नाही म्हणजे काय ते सांगतो. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात गॅसजोडणीची उज्ज्वला योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे २०१५-१६ मध्ये देशात ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. महाराष्ट्रात हा आकडा ७९.७ टक्क्यांवर गेला. प्रगती खरी आहे, मोठी आहे, आणि तिच्यामुळे लाखो बायांचे डोळे व छाती वाचली असणार. पण सर्वेक्षणात विचारले जाते ते स्वयंपाकासाठी मुख्यत्वे कोणते इंधन वापरता एवढेच. बाई गॅस म्हणते, ते खरेच असते, आणि ते घर स्वच्छ रकान्यात जाते. पाणी तापवायची चूल, लग्नाकार्याची चूल, सिलिंडर संपल्यावरची चूल, या सगळ्या त्या प्रश्नाच्या बाहेर राहतात. म्हणून पुढच्या पानांवर पहिले काम हेच दिले आहे की घरात दिवसभरात जिथे जिथे काही जळते, ती प्रत्येक जागा मोजा. देवापुढची उदबत्ती आणि खाटेखालची कासवछाप धरून.

आता त्या चुलीची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अडाणीपणातून पेटत नाही. पाच माणसांचे घर घ्या. प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली, म्हणजे ७५ लिटर पाणी. हिवाळ्यात ते २५ अंशांनी तापवायचे, तर गॅसच्या शेगडीवर रोज सुमारे ३०० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचे सिलिंडर केवळ आंघोळीवर दीड महिन्यात रिकामे होईल. तितकेच सिलिंडर तितक्याच दिवसांत स्वयंपाकाला लागते. उज्ज्वलाच्या जोडणीवर ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपयांची सूट मिळू लागली, २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तरी धानाच्या एका हंगामावर वर्ष काढणारे घर पाण्यासाठी आणखी गॅस जाळणार नाही. जी बाई पाणी लाकडावर तापवते तिचा हिशेब बरोबर आहे. तिला पाणीही गॅसवरच तापव असे सांगणाऱ्याने आधी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

फक्त त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे तिची छाती. जळतन फुकट आहे असे आपण म्हणतो तेव्हा पैशाची किंमत सांगतो. करडीच्या पलीकडे कोका अभयारण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना ठाऊक आहे की सरपणाला जाणे म्हणजे वाघ-बिबट्या-अस्वलाच्या रानात वाकून काटक्या वेचणे. मोळी आणते बाई, फुंकणी फुंकते बाई, धूर घेते बाई आणि तिच्या पदराशी बसलेले लेकरू. सिलिंडर कधी आणायचे हे मात्र बहुधा ज्याच्या हातात पैसा असतो तो ठरवतो. घरातली हवा बदलायची तर हा निर्णय कोण घेतो हे आधी बदलावे लागते, आणि या मुद्द्यावर मी मुद्दाम आग्रही आहे.

धुराने काय होते हे डॉक्टरांना आजच कळलेले नाही. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसे निकामी होत गेल्याने हृदयाचा उजवा भाग थकतो, त्या दुखण्याचा त्या अभ्यास करत होत्या. इतर देशांत हे दुखणे मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे मानले जाई. दिल्लीत मात्र ते बायकांतही तेवढेच दिसत होते, तेही कमी वयात आणि विडीला हात न लावणाऱ्या बायकांत. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे प्रसिद्ध केले आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. पुढे कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्रे लावून त्या प्रत्यक्ष श्वासातून किती धूर घेतात ते मोजले. तो अभ्यास १९८३ मध्ये आला. तोवर प्रदूषण म्हटले की गिरणीची चिमणी आणि शहराचा रस्ता एवढेच डोळ्यांपुढे येई. मापनाचे यंत्र चुलीपर्यंत नेण्याची गरज फारशी कोणाला वाटली नव्हती.

आपल्या जवळचेही एक काम आहे. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया आणि ग्वाटेमाला या पाच देशांतल्या ग्रामीण बाळंतपणांची नोंद तपासली. २०१५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात लाकूड-शेणीसारख्या इंधनावर रांधणाऱ्या घरांत जन्माच्या आसपासचे बालमृत्यू अधिक आढळले. त्यातली भारतातली काही गावे पूर्व विदर्भातली, म्हणजे आपल्याच शेजारची. जगभराचा हिशेब जागतिक आरोग्य संघटना मांडते तो असा, की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली.

धुरातले डोळ्यांना दिसणारे काजळीचे मोठे कण त्यामानाने कमी घातक; ते नाकात, घशात अडकतात. घातक असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याचे. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही उतरतात. भारतीय मानकानुसार हवेच्या एका घनमीटरमध्ये असे कण दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ वर आणली. बंद खोलीत चूल पेटली असताना तो आकडा हजारावर जातो. ओल्या लाकडाने तर फारच. ओल्या लाकडाची उष्णता आधी त्यातले पाणी उडवण्यात खर्च होते, आग गार पडते, आणि न जळलेला भाग धूर होऊन बाहेर येतो. जळतन पावसाळ्याआधी फोडून, उभे रचून, वर झाकण घालून ठेवणे हा म्हणूनच हवा सुधारण्याचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे. आपल्या आज्या हे करत होत्या. घरे लहान झाली, सांदवाड्या विकल्या गेल्या, आणि जळतन ठेवायची जागाच उरली नाही.

घरांचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो. माझ्या मते मोहाडीत गेल्या काही वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल गॅसचा नसून छपराचा आहे. जुने घर मातीच्या भिंतीचे आणि कवेलूचे. कवेलूच्या फटींतून धूर सावकाश पण सतत वर निघून जाई, आढ्याला काजळी धरे, आणि त्या धुराने बांबूला कीड लागत नसे. ते घर काही आरोग्याचा नमुना नव्हते. त्यातही बायका खोकतच होत्या. पण धुराला वर जायला वाट होती. आता घरकुल आले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. वर स्लॅब. भिंतींना प्लास्टर. खिडकी एक, आणि तीही डासांमुळे संध्याकाळी बंद. पावसाने छळलेल्या, दर उन्हाळ्यात छप्पर फेरणाऱ्या माणसाला पक्के घर मिळाले याचा आनंद मलाही आहे. पण अशा घरात दुसरी चूल आत आली की धूर स्लॅबला आपटून खाली उतरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या नाकातोंडाशी साचतो. कवेलूच्या घरात चालून गेलेली सवय स्लॅबच्या घरात जीवघेणी ठरते.

हवा आत यायला खाली वाट आणि बाहेर जायला वर वाट, दोन्ही लागतात. नुसती खिडकी उघडून भागत नाही. गरम धूर खिडकीच्या वरच्या दोन-अडीच फुटांत अडकून राहतो. समोरासमोरच्या भिंतींत, एक जमिनीपासून हातभर वर आणि एक स्लॅबच्या लगेच खाली, असे जाळीचे दोन झरोके हवेत. धुराडे असेल तर ते छपराच्या वर दोन-तीन फूट तरी निघाले पाहिजे, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा आत येतो.

धुराड्याच्या चुलीची कथा विदर्भाचीच आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाने झालेल्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणी, कागद, गूळ यांच्याबरोबर चुलीवरही प्रयोग करत होते. मगन चूल तिथली. तिची एक आग दोन-तीन भांड्यांखालून फिरून धुराड्याने बाहेर जाई. स्वातंत्र्याची लढाई चालू असताना कोणाला तरी बाईच्या डोळ्यांतले पाणी हा राष्ट्रीय प्रश्न वाटत होता, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला आणि २००२ मध्ये तो बंद झाला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने चुलींच्या रचनेवर चिकाटीने काम केले. राष्ट्रीय कार्यक्रमात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच काही वर्षांत मोडल्या, किंवा त्यांचे धुराडे काजळीने भरून निकामी झाले.

का, याचे उत्तर ओडिशातून मिळाले. तिथल्या खेड्यांत सुधारित चुली देऊन रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो फायदा नाहीसा झाला, कारण चुली दुरुस्त होत नव्हत्या आणि हळूहळू वापरातूनही गेल्या. चूल बसवणाऱ्या गवंड्याला बसवण्याचे पैसे मिळतात. धुराडे साफ करायला दर महिन्याला कोण येणार? हा प्रश्न न सोडवता वाटलेली कोणतीही वस्तू, चूल असो की शेगडी, वर्षभरात अडगळीत जाते. म्हणून या पुस्तिकेत धुराडे कसे बांधावे याला एक पान आहे आणि ते कसे झाडावे याला तीन.

गॅसविषयीही खरे तेच सांगितले पाहिजे. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३२०० गरोदर बायांपैकी निम्म्यांना गॅसची शेगडी आणि लागेल तेवढा गॅस मोफत पुरवून पाहिले गेले. त्यांच्या श्वासातले बारीक कण सुमारे दोन तृतीयांशाने घटले. पण २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. शेगडी मिळेपर्यंत गरोदरपणाचे दोन-चार महिने आणि त्याआधीची कित्येक वर्षे त्या बाया धुरातच होत्या. मला यातून गॅस निरुपयोगी असा अर्थ दिसत नाही. मुलगी न्हाणीच्या चुलीशी बसू लागते तेव्हापासूनच काळजी घ्यायला हवी, असा मात्र दिसतो.

घरात धूर करणारी चूल एकटीच नाही. धानाच्या बांध्या, तलाव, बोड्या आणि वैनगंगेचा काठ यांमुळे आपल्याकडे मच्छरांना तोटा नाही. जुलैपासून धान निघेपर्यंत संध्याकाळी दार लावायचे, कडुलिंबाचा पाला धुमसवायचा आणि रात्री कासवछाप पेटवून झोपायचे, हा घरोघरचा क्रम. चीन आणि मलेशियातल्या अशा वेटोळ्यांची तपासणी करणाऱ्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की एक वेटोळे जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते. बंद खोलीत, लहान मुलाच्या उशाशी, रात्रभर. ज्या घरात कोणी विडी ओढत नाही म्हणून आपण समाधानी असतो, त्या घरात हे चालते. मच्छरदाणीला धूर नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. गरम होते ही तिच्याविरुद्धची तक्रार खरी आहे, आणि पंख्याच्या वाऱ्यात ती कशी बांधावी हे पुढे चित्रासह दिले आहे.

काही घरे कारखानाही असतात. विड्या वळणाऱ्या घरांत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईभोवती तंबाखूची भुकटी उडत असते, आणि तिच्याच शेजारी मूल रांगते. मोहाडी-आंधळगावच्या कोष्टी घरांत माग आणि माणसे एकाच छपराखाली. अशा कामासाठी उघडी सपरी आणि काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसणे, झाडूने झाडणे नव्हे, एवढे तरी पाळता येते.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही, कारण त्या एका रात्रीत माणूस मारतात. ढोलीतल्या किंवा पोत्यांतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्यांमधून ओलाव्याने फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत किंवा तिला लागून कोणी झोपते तिथे त्या कधीही ठेवू नयेत. देशात अशाने अख्खी कुटुंबे गेली आहेत. दुसरी, निखाऱ्यांची शेगडी. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत ती ठेवून दार लावायची पद्धत अजून आहे. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून ती बिनधोक वाटते, पण त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. माणूस झोपेतच जातो. शेकायचे तर दार उघडे ठेवून शेकावे, आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात न्यावी.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल आणि झाडांबद्दल लोक विचारतात. यंत्राची चांगली गाळणी बारीक कण पकडते, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही, आणि वीज गेली की थांबते; चूल आत पेटती ठेवून यंत्र लावण्यात अर्थ नाही. कुंड्यांचे म्हणाल तर १९८९ च्या नासाच्या प्रयोगातली झाडे बंद पेटीत होती. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब झाला, तेव्हा नेहमीच्या घरातल्या हवेच्या येण्याजाण्याएवढे काम करायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार कुंड्या लागतील असे निघाले. तुळस अंगणात असावी, तिचे कारण वेगळे.

तर सुरुवात कुठून? स्वयंपाक गॅसवर असेल तर तो गॅसवरच टिकवा, आणि न्हाणीची चूल छपराखालून काढा. विझवता येत नसेल तर निदान बाहेर न्या, दारा-खिडकीपासून दहा-पंधरा पावले, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. भंडाऱ्याची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली. तांब्याचा बंब अजूनही मिळतो, त्याच्या पोटातल्या नळीत आग असते, चारी बाजूंनी पाणी, म्हणून उघड्या चुलीपेक्षा जळतन कमी लागते. तोही उघड्यावरच पेटवावा. उघड्या गुंडावर झाकण ठेवले तरी पाणी लवकर तापते. वीज भरवशाची असेल तर तेच ७५ लिटर पाणी सव्वादोन युनिटांत तापते, मात्र बादलीतली कांडी चालू असताना पाण्याला हात लावू नये आणि मुले जवळ नसावीत. यातल्या कशाला अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही.

घरकुल बांधायला काढलेल्यांसाठी मात्र घाई आहे. धुराड्याच्या पाइपासाठी स्लॅबमध्ये भोक आणि भिंतीत वरचा झरोका हे काँक्रीट पडण्याआधी ठेवले तर त्याचा खर्च जवळपास शून्य असतो. नंतर तोडफोड करावी लागते, सळई कापली जाते, पावसाळ्यात गळती सुरू होते, आणि मग कोणी ते करतच नाही. म्हणून सेंट्रिंग लागले की घरातल्या बाईने स्वतः वर चढून चूल कुठे येणार ती जागा गवंड्याला खडूने आखून द्यावी. त्या आखणीची मापे पहिल्याच प्रकरणात आहेत.